फ्लॅटवरच्या चौघींनी केकच्या कॉम्पिटिशनला उतरायचं असेल तर: पहिल्या मीटिंगपासून टेबलावर केक ठेवेपर्यंत

गॅदरिंगला बेकिंग कॉम्पिटिशन आहे, टीम एन्ट्री चालते, आणि तुम्ही चौघी एकाच फ्लॅटवर राहता. ऐकायला एकदम सोपं वाटतं कारण सगळ्या कायम एकत्रच असता, पण खरी अडचण तिथेच आहे. एकीच्या घरी आईच्या किचनमध्ये केक करणं वेगळं आणि भाड्याच्या फ्लॅटवर एका ओट्याभोवती चौघींनी उभं राहून करणं वेगळं. आम्ही नाशिकला कॉलेज रोडच्या मागे राहायचो, दोन वर्षं भाग घेतला. पहिल्या वर्षी केक चक्क साबणासारखा लागला. कारण एवढंच की सोडा दोघींनी घातला होता, मी घातला आणि माझ्या फ्लॅटमेटने "हिने घातला नसेल" म्हणून परत घातला. रेसिपी चांगलीच होती. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की टीमचा केक बिघडतो तो कामं न वाटल्यामुळे आणि ज्या परिस्थितीत करायचाय त्या परिस्थितीत आधी करून न बघितल्यामुळे. खाली जे लिहितेय ते सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी नियमांचा कागद नीट वाचा

नाव देण्याआधी ज्या कमिटीकडे फॉर्म आहे त्यांना जाऊन विचारा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विसंबू नका. केक घरून करून आणायचा की तिथेच? तिथे करायचा असेल तर ओव्हन कोणाचा आणि प्लग पॉइंट कसला? एगलेसच पाहिजे का? विकतचा प्रीमिक्स किंवा तयार बेस चालतो का? सजावटीत न खाण्याच्या गोष्टी, म्हणजे काड्या, मणी, प्लास्टिकचे टॉपर, चालतात का? वजनाची किंवा साइजची अट आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चवीला किती मार्क आणि दिसण्याला किती. चवीला जास्त असतील तर फॉन्डन्टच्या, म्हणजे साखरेच्या कणकेच्या, फुलांवर आठ तास घालवण्यात काहीच अर्थ नाही. केक तिथे पोचल्यावर जजिंगपर्यंत किती वेळ बाहेर राहणार हेही विचारून घ्या, कारण क्रीम लावायचं की गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) हे त्यावरच ठरतं. आम्हाला सांगितलं होतं अकरा वाजता आणि जज आले दीड वाजता, म्हणून सांगितलेल्या वेळेत दोन तास वाढवूनच प्लॅन करा.

पैसे आणि बक्षीस, पहिल्याच मीटिंगला

हे बोलायला अवघड वाटतं म्हणून सगळे टाळतात आणि नंतर त्यावरूनच महिनाभर अबोला राहतो. एक वही करा किंवा स्प्लिटवाइज या खर्च वाटायच्या अॅपवर ग्रुप करा, ट्रायलचं सामान धरून सगळा खर्च त्यात. एखादीला त्या महिन्यात पैसे काढणं जड जात असेल तर तिने काम जास्त करावं, आणि हे तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको. टिन, नोझल, बीटर यातलं काय नंतर कोणाकडे राहणार तेही लिहून ठेवा. बक्षीस मिळालं तर समान वाटे, मग काम कोणी कितीही केलेलं असू दे, हे आधीच ठरलं की पुढची सगळी धुसफूस वाचते. सर्टिफिकेटवर चौघींची नावं येतात का तेही कमिटीला विचारा.

अंड्याचंही याच मीटिंगला बोला. चौघीत एक जरी अंडं न खाणारी असेल, किंवा घरमालक काकूंनी फ्लॅट देतानाच घरात अंडं नको असं सांगितलेलं असेल, तर सरळ एगलेस करा. तिच्याच ओट्यावर तिच्याच भांड्यात अंडं फेटायचं आणि "तू खाऊ नकोस" म्हणायचं हे मला तरी पटत नाही.

कामं चार, माणसं चार

आमची वाटणी अशी होती आणि ती खरंच चालली:

१. वजनवाली. सगळं सामान मोजून वेगवेगळ्या वाट्यांत काढणार. सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ याला फक्त तिनेच हात लावायचा.
२. मिश्रण आणि ओव्हनवाली. बॅटर करणार, टिन ओव्हनमध्ये ठेवणार, ओव्हनचं दार उघडायचं की नाही हे तीच ठरवणार.
३. क्रीम आणि सजावटवाली.
४. घड्याळ, फ्रिज, भांडी, डबा आणि प्रवास. हे काम कमी मानाचं वाटतं पण कॉम्पिटिशनच्या दिवशी सगळं हिच्यावर असतं, म्हणून सगळ्यात शांत डोक्याची मुलगी इथे ठेवा.

रेसिपी मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोरच्या टाइल्सवर सेलोटेपने चिकटवा, पेन बाजूला ठेवा, आणि पदार्थ बॅटरमध्ये पडला की त्यासमोर टिक करायची. टिक नाही म्हणजे पडला नाही, यावर वाद नाही. गप्पा मारत काम करताना "घातला का गं सोडा" याचं उत्तर कोणालाच खात्रीने देता येत नाही, म्हणून कागद.

लाईट आणि ओव्हन

२५-३० लिटरचा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) साधारण १५०० वॅटच्या आसपास असतो, म्हणजे साडेसहा अँपिअर करंट खेचतो. भिंतीवरचा मोबाईल चार्जरवाला छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यामुळे ओटीजी नेहमी गीझर-फ्रिजसाठी असतो तसल्या मोठ्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, साध्या एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको, वायर तापते. आणि ओव्हन चालू असताना गीझर आणि इस्त्री बंद. गीझर २००० वॅटचा, ओटीजी १५०० चा, दोन्ही मिळून पंधरा अँपिअरच्या वर जातात, जुन्या फ्लॅटमध्ये दोन्ही एकाच लाईनवर असले की एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायची भीती असते, तीही केक अर्धा फुगलेला असताना. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सकाळी अंघोळीला गरम पाणी लागतंच, म्हणून बेकिंगच्या दिवशी चौघींच्या अंघोळी आधी उरकून घ्या.

मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. आतली उष्णता बराच वेळ टिकते, दहा मिनिटांत लाईट आली तर तेवढा वेळ पुढे वाढवायचा. त्याहून जास्त लांबली तर दुसरी सोय म्हणून जाड बुडाची कढई नाहीतर कुकर गॅसवर तयार ठेवा: कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, तळाला मिठाचा थर, वर स्टँड, पाणी अजिबात नाही, मंद-मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग टिन आत. ओटीजी मिळालाच नाही तर पूर्ण केकही असा होतो, फक्त वरून ब्राऊन होत नाही, आणि ट्रायलसुद्धा मग त्याच कुकरमध्ये करायच्या.

ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे असं नसतं. ओव्हन थर्मामीटर घ्या, स्वस्तात मिळतो. आमच्यात १८० लावलं की आत १६० च्या आसपास असायचं, म्हणून आमचे सुरुवातीचे केक मध्ये कच्चे राहायचे आणि आम्ही रेसिपीला दोष देत बसलो होतो. कुठल्या कोपऱ्यात जास्त तापतं ते बघायला जाळीवर ब्रेडच्या स्लाइस पसरून काही मिनिटं ठेवा, जी आधी काळपट होते तिथे ओव्हन जास्त गरम. मग केक दोन तृतीयांश वेळ झाला की टिन फिरवायचा, त्याआधी नाही, नाहीतर मध्ये बसतो.

काय करायचं ते कसं ठरवायचं

जज एका बैठकीत आठ-दहा केक चाखतात, प्रत्येकाचे एखाद-दोन घास. चार-पाच गोड क्रीमचे घास झाले की जीभ थकते. म्हणून पहिल्याच घासात कळेल अशी एक चव ठेवा, साखर कमी ठेवा आणि काहीतरी आंबट किंवा किंचित खारट ठेवा. रेनबो केक, तीन फ्लेव्हर, वर जेली, वर चॉकलेटच्या काड्या, हे सगळं एकात करू नका.

आमच्यातली एक सुरगाण्याची, तिच्या घरून नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ यायचं, आणि दुसरी दिंडोरीकडची, तिच्याकडे द्राक्षबाग. त्यामुळे दुसऱ्या वर्षी आम्ही नागली-चॉकलेटचा केक केला आणि आत काळ्या द्राक्षांचं कॉम्पोट, म्हणजे साखरेत शिजवून आटवलेली द्राक्षं. हे विचारपूर्वक निवडलं होतं कारण जानेवारीनंतर इथे द्राक्षं भरपूर आणि ताजी मिळतात, आणि विचारल्यावर आम्हाला सांगायला खरी गोष्ट होती. तुम्ही येवल्याच्या असाल, सटाण्याच्या असाल, तर तुमच्या घरून काय येतं ते बघा, डाळिंब असेल, बेदाणे असतील. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरीसुद्धा थंडीत छान मिळते.

आमची रेसिपी, ७ इंची गोल टिनसाठी, एगलेस

मैदा १०० ग्रॅम, नागलीचं पीठ ६० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, दूध ८० मिली, बिनवासाचं तेल ९० मिली, बेकिंग पावडर १ टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून, व्हॅनिला १ टीस्पून. सगळी पिठं वजनकाट्यावर मोजा, कपाने नाही. चौघींपैकी एक कप दाबून भरते आणि एक हलका भरते, एका कपात वीस-तीस ग्रॅमचा फरक आरामात पडतो.

नागलीत ग्लुटेन नसतं म्हणून पूर्ण नागलीचा केक कापताना भुगा होतो, आणि नुसतं मिसळलं तर जिभेला चरचरीत लागतं. त्यावर आमचा उपाय: नागलीचं पीठ दोनदा बारीक चाळणीतून चाळायचं, मग दही आणि कोमट दुधात कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. पीठ भिजतं आणि चरचर बरीच कमी होते. दही फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, तासभर बाहेर असू दे, थंडीत तर दीड तास.

मग त्यात तेल, साखर, व्हॅनिला घालून फेटा. मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळून दोन भागांत घाला आणि स्पॅच्युलाने खालून वर असं हलक्या हाताने मिसळा, पीठ दिसेनासं झालं की थांबा. इथे जोरात फेटलं तर केक रबरासारखा होतो. दह्याला सोडा लागला की बुडबुडे लगेच सुरू होतात, म्हणून ओव्हन आधीच तापलेला, टिनला बटर पेपर आधीच लावलेला, आणि पाच-सात मिनिटांत टिन आत. फोटो नंतर काढा. टिन अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरेल, दोन तृतीयांशच्या वर कधीच नको.

ओव्हनच्या आत खरोखर १७५-१८० असताना साधारण ३५ ते ४० मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. मध्यभागी विणायची सुई किंवा टूथपिक घालून बघा, ओलं बॅटर नको, दोन-चार कोरडे कण चालतील. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर काढून पूर्ण गार. पूर्ण म्हणजे तळाला हात लावल्यावर अजिबात कोमट लागता कामा नये, थंडीत दीड तास तरी धरा. कोमट केकवर क्रीम लावलं की ते घसरतंच, कितीही घट्ट फेटलेलं असू दे.

टिन मोठा वापरायचा असेल तर अंदाजाने दुप्पट करू नका. व्यासाचा वर्ग करा: ७ गुणिले ७ म्हणजे ४९, ९ गुणिले ९ म्हणजे ८१, ८१ भागिले ४९ म्हणजे साधारण १.६५ पट सामान. वेळ मात्र त्या पटीत वाढत नाही, पहिल्यांदा सुईनेच बघा.

कॉम्पोट: ३०० ग्रॅम काळी द्राक्षं अर्धी कापून, ४० ग्रॅम साखर, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, रस सुटून आटायला लागला की एक टीस्पून कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून घाला, मिनिटभर उकळू दे, उतरवून एक टीस्पून लिंबाचा रस. गार झाल्यावर अजून घट्ट होतं. कापलेली ताजी द्राक्षं थरात घालू नका, रस सुटून केक सरकतो. वर सजावटीला अख्खी द्राक्षं, धुऊन कापडाने अगदी कोरडी केलेली, आणि लावायची ती निघायच्या अर्धा तास आधी.

क्रीम की गनाश

बेकरी मटेरियलच्या दुकानात मिळतं ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फ्रोझन असतं, आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवून किंवा गरम पाण्यात धरून वितळवलं तर नीट फुलत नाही. भांडं आणि बीटरच्या काड्या पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. भांडं तिरकं केल्यावर क्रीम हललं नाही की झालं, त्यापुढे फेटू नका, दाणेदार होतं, आणि चुकून झालंच तर दोन-तीन चमचे पातळ क्रीम घालून हाताने हलवा.

जानेवारीत क्रीमचा केक तासभर टेबलावर बरा उभा राहतो. मार्च-एप्रिलमध्ये कॉम्पिटिशन असेल तर गनाशच करा. उन्हाळ्यात २०० ग्रॅम डार्क चॉकलेटला १०० ग्रॅम फ्रेश क्रीम, थंडीत क्रीम थोडं वाढवलं तरी चालतं. फ्रेश क्रीम खळखळून उकळू नका, कडेला बुडबुडे आले की बंद करून चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं तसंच ठेवा आणि मग मधून बाहेर असं हलवा.

थर लावताना आधी क्रीमचा पातळ हात द्या, कण चिकटून राहतील एवढाच, वीस-तीस मिनिटं फ्रिजमध्ये, मग वरचा थर. कॉम्पोट घालण्याआधी कडेने क्रीमची जाड कड काढून घ्या म्हणजे ते बाहेर येत नाही. केक बोर्डला चिकटवायला खाली क्रीमचे चार ठिपके, ते विसरलात तर रिक्षात कळेल.

फ्रिजबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. फ्लॅटवरच्या फ्रिजमध्ये चिरलेला कांदा, लसणाची चटणी, परवाची भाजी असं सगळं उघडं असतं आणि क्रीम, बटर हे वास पटकन ओढून घेतात. दोन दिवस आधी फ्रिज रिकामा करून पुसून घ्या, केक झाकून ठेवा. आणि केकची उंची ठरवायच्या आधी फ्रिजचा कप्पा पट्टीने मोजा, डब्यासकट. आमच्या सिंगल डोअरमध्ये जाळी काढल्यावर कुठे डबा बसला होता.

ट्रायल कमीत कमी तीन

पहिली ट्रायल फक्त बेसची. दुसरी पूर्ण केकची. तिसरी घड्याळ लावून, अगदी त्या दिवशीच्या वेळेला, आणि झाल्यावर केक डब्यात भरून रिक्षाने एक चक्कर मारून दोन तास टेबलावर ठेवायचा. तिसरी बहुतेक सगळे टाळतात आणि खरं शिकायला तिथेच मिळतं. आम्हाला तिथे कळलं की आमचा वरचा थर दीड तासाने एका बाजूला कलतो, मग आम्ही कॉम्पोट निम्मं केलं. प्रत्येक ट्रायलला एकच गोष्ट बदला. साखर पण कमी केली, वेळ पण वाढवला, टिन पण बदलला, तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

चाखायला टीमबाहेरच्यांना द्या, खालच्या काकू, लायब्ररीतल्या मैत्रिणी. "कसा झालाय" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "यात काय काय लागलं" असं विचारा, आणि दुसरा पीस कोण स्वतःहून मागतं ते बघा. एका काकूंनी "थोडं कडू लागतंय शेवटी" असं सांगितलं म्हणून आम्ही कोको ३५ वरून २५ ग्रॅमवर आणला, आणि केक तिथून खरा सुधारला.

प्रॅक्टिकल आणि सबमिशनच्या तारखा कॅलेंडरवर आधी लावा, मग ट्रायलच्या. ज्या दिवशी एकीची व्हायवा आहे त्या दिवशी तिला ओट्यापाशी उभं करू नका.

आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या दिवशी संध्याकाळी बेस बेक करून, गार करून, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी तो कापायला उलट सोपा जातो. कॉम्पोट पण आदल्या दिवशीच. सकाळी फक्त क्रीम, थर आणि सजावट, त्यासाठी तीन तास राखून ठेवा.

नेताना टू-व्हीलर नको, पुढे पाय ठेवायच्या जागेत सुद्धा नको. रिक्षा किंवा कार. मांडीवर धरू नका, मांडी तिरकी असते आणि गरम असते, कारमध्ये सीटसमोर पाय ठेवायच्या सपाट जागेत खाली रबरी मॅट घालून डबा ठेवा. रिक्षा असेल तर सीटवर सपाट फळी, त्यावर मॅट, वर डबा, आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून बसायचं. कॉलेज रोडवरून पंचवटीत जायचं असेल तर रविवार कारंजा आणि होळकर पुलाच्या गर्दीचा वेळ धरून निघा, रिक्षावाल्या काकांना आधीच सांगा की केक आहे, स्पीडब्रेकरला हळू घ्या. ते घेतात खरंच.

बरोबर एक पिशवी: पायपिंग बॅगमध्ये उरलेलं क्रीम, बर्फाबरोबर थर्माकोलच्या डब्यात, पॅलेट नाईफ, कात्री, ओले आणि कोरडे टिश्यू, दहा-बारा जादा द्राक्षं, सुरी, थर्मासमध्ये गरम पाणी. जजसमोर कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून मग कापा, प्रत्येक कापाला परत, थर स्वच्छ दिसतात. पहिला पीस कधीच नीट निघत नाही, तो बाजूला ठेवून दुसरा द्या. टेबलावर कार्ड ठेवा: एगलेस, मैदा आहे, दूध आहे, सुकामेवा असेल तर तोही.

बोलायला एकीने सुरुवात करावी पण प्रत्येकीने आपापल्या कामाचं एक वाक्य सांगावं. नागली कुठून आली, का भिजवली, द्राक्षं का शिजवली. जज प्रश्न विचारतात तेव्हा ज्या मुलीने ते काम केलंय तिलाच उत्तर देऊ द्या, बाकीच्यांनी मध्ये बोलू नका. दुसऱ्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला आणि एका मॅडमनी नागली भिजवायची पद्धत वहीत लिहून घेतली, त्याचा आनंद नंबरापेक्षा जास्त झाला होता.

त्याच संध्याकाळी, कितीही दमलात तरी, उसने आणलेले टिन आणि बीटर घासून कोरडे करून ठेवा, ओटीजीचा ट्रे पूर्ण गार झाल्यावर काढून धुवा. ज्या काकूंचा ओटीजी आणला असेल त्यांच्याकडे तो पोचवताना दोन पीस डब्यात घालून न्या, म्हणजे कापतानाच ते बाजूला काढून ठेवा, नंतर काही उरत नाही.